नानाकाकांच्या पावसाच्या वह्या : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

सासवडहून वह्या आणल्या. ताईने, म्हणजे नानाकाकांच्या मुलीने, दोन खोक्यांत भरून वर कडुलिंबाचा वाळका पाला टाकला होता. यंदा मॉन्सून २६ मेलाच पुण्यात येऊन बसलाय, त्यामुळे खोक्यांना प्लास्टिक गुंडाळावं लागलं. वह्या बत्तीस. पहिली १९६६ची, शेवटची १९९८ची. १९८३ची सापडत नाही. नानाकाका तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तोवर दर वर्षाला एक वही. कचेरीचं पावसाचं रजिस्टर वेगळं, ते सरकारी आणि कचेरीतच राहिलेलं. ही नानांनी घरी उतरवून ठेवलेली नक्कल.

नाना गेल्या माघात गेले. दिवसकार्य आटोपल्यावर माळा आवरताना वह्या निघाल्या. त्या आहेत हे काकू सोडून कुणालाच नीट माहीत नव्हतं.

काम काय करायचं ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, आकडे एक्सेलमध्ये भरायचे आणि शेऱ्याचा रकाना जसाच्या तसा टाइप करायचा, शुद्धलेखन न सुधारता. गणपतीपर्यंत संपवायचं.

ताईच्या मुलाने विचारलंच, "मामा, हे आकडे हवामान खात्याकडे असणारच की. मग हा खटाटोप कशाला?" असणारच. शिवाजीनगरला खात्याचं नॅशनल डेटा सेंटर आहे, देशभरातल्या नोंदी तिथे जमा होतात. तालुक्याचा आकडा कलेक्टर कचेरीमार्फत कुठेतरी पोचलाच असेल. पण शेरे पोचले नसतील. शेरे फक्त इथे आहेत.

३ जून

पानाचा नमुना ठरला. नानांच्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, पाऊस मि.मी., १ जूनपासून एकूण, नक्षत्र, शेरा. पहिले तीन सरकारी नमुन्यातले. नक्षत्र आणि शेरा हे नानांचे स्वतःचे. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत अरुंद, त्यामुळे मजकूर बहुधा तीन-चार शब्दांचा. जागा नाही म्हणून कमी लिहायचे की मुळातच कमी बोलायचे म्हणून रकाना अरुंद आखला, हे आता कोण सांगणार.

लेकीने विचारलं, पाऊस लिटरमध्ये का नाही मोजत? तिला नानांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं. पडलेलं पाणी वाहून गेलं नाही, मुरलं नाही, वाफ झालं नाही, तर सपाट जमिनीवर किती उंच साचेल, ती उंची म्हणजे पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. तिने लगेच आमच्या गच्चीचा हिशेब केला आणि सोसायटीच्या टँकरच्या बिलावर घसरली. त्या विषयाची जागा इथे नाही.

यंत्र मी लहानपणी पाहिलेलं आहे. कचेरीच्या मागे मोकळी जागा, भोवती तारेचं कुंपण, मधे छोटा चौथरा. त्यावर पितळी कडेचं नसराळं, तोंडाचा व्यास पाच इंच, म्हणजे १२७ मि.मी. कड जमिनीपासून फूटभर उंच. त्याहून खाली असेल तर जमिनीवरचे शिंतोडे उडून आत जातात. नसराळ्याखाली बाटली. जवळ झाड नको, भिंत नको. जी वस्तू जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र. नानांनी त्या कुंपणाशेजारी एका साहेबांना हौसेने गुलमोहर लावू दिला नव्हता. साहेबांच्या बदलीपर्यंत ते रोपटं कुंडीतच राहिलं.

सकाळी बरोबर साडेआठला नाना कुंपणाचं फाटक उघडायचे. नसराळं काढायचे, बाटलीतलं पाणी खुणांच्या ग्लासात ओतायचे आणि चौथऱ्यासमोर उकिडवे बसायचे, ग्लास डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. काचेला लागून पाणी थोडं वर चढतं, ते वाचायचं नाही. मधला खोलगट भाग जिथे टेकतो ती खूण वाचायची. मग पाणी कडेच्या तुळशीला. तुळस त्यांनीच लावलेली, यंत्राहून बुटकी राहील अशी छाटलेली.

आणि पाऊस नसला तरीसुद्धा हे सगळं व्हायचं. रखरखीत एप्रिलमध्ये, आठवडेच्या आठवडे आभाळात ढग नसताना. बाटली बाहेर काढून तळहातावर उलटी करायची, बुडावर दोन टिचक्या मारायच्या, परत ठेवायची. मी एकदा म्हणालो, "नाना, कोरडीच आहे हे इथून दिसतंय की." ते म्हणाले, "इथून मलापण दिसतंय." झालं, एवढंच उत्तर. दुसऱ्या दिवशी मात्र बोलावून नसराळ्याच्या मानेतला चिखल दाखवला. कुंभारमाशीने घर केलं होतं. उन्हाळ्यात हे होतंच. वळवाची पहिली सर आली की पाणी आत न उतरता कडेवरून सांडणार, आणि कागदावर मात्र पाऊस कमी लागणार.

८ जून, मृग

लेक वाचते, मी भरतो. पहिल्या वहीचे सुरुवातीचे महिने म्हणजे "निरंक, निरंक, निरंक". तिसऱ्या पानानंतर ती सुरात म्हणायला लागली.

खुणा चार आहेत. निरंक, शिंतोडे, म्हणजे मोजण्याइतकाही पडला नाही, आकडा, आणि आडवी रेघ, म्हणजे त्या दिवशी मोजलंच गेलं नाही. निरंकला मी शून्य घालतो. रेघेला चौकट रिकामी सोडतो. लेक म्हणाली, दोन्ही रिकामं ठेवू या, बेरीज तीच येते. बेरीज तीच येते हे खरं. पण सरासरीत एक्सेल रिकामी चौकट मोजत नाही आणि शून्य मोजतं. शिवाय रिकामी चौकट म्हणजे कुणी गेलंच नाही. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन, बाटली उलटी करून आलं.

पहिल्या दहा वर्षांत रेघा मोजक्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक निवडणुकीच्या ड्यूटीच्या.

हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मि.मी. किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस. १९६९च्या वहीत एके ठिकाणी २.४ आहे आणि शेरा: "काठावर हुकला." नानांचा विनोद इतपतच असायचा.

१५ जून

१९७२.

या वहीचं पान पान वेगळं टाइप करून ठेवलंय. जून-जुलैत आकड्यांपेक्षा निरंक जास्त. "एकूण" या रकान्यात एकच संख्या दिवसचे दिवस खाली उतरत जाते. सासवड मुळातच सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत. ढग घाटमाथ्यावर रिकामे होऊन पूर्वेकडे येतात. त्यात ते वर्ष. शेऱ्यात हळूहळू पाऊस मागे पडतो आणि कचेरी येते: "कऱ्हेत झिरे खणले." "खडीच्या कामावर नवीन हजेरीपट." "मिलो आला." "सुकडी वाटप." मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, त्या पिढीतल्या माणसापुढे नाव काढलं की अजून तोंड वाकडं होतं.

ऑगस्टातल्या एका ओळीसमोर शेरा आहे: "निरंक. साक्षीदारासह." याचा अर्थ लागेना म्हणून काकूला फोन केला. ती हसायला लागली.

तालुक्याच्या पूर्व भागातला एक शेतकरी कचेरीत आला होता. चांगला ओळखीचा, दरवर्षी घरी सीताफळं आणून देणारा. म्हणाला, भाऊसाहेब, पावसाचा आकडा जरा कमी लिहा, म्हणजे वर लवकर कळेल, कामं लवकर सुरू होतील. खरं तर दुष्काळ ठरायचा तो पिकाच्या आणेवारीवरून, पावसाच्या रजिस्टरवरून नव्हे. पण नानांनी त्याला नियम सांगितला नाही. म्हणाले, "उद्या साडेआठला या. तुम्हीच मोजा." तो आला. नानांनी त्याच्या हातात बाटली दिली. त्याने ती उलटी केली, झटकली, पुन्हा झटकली. नाना म्हणाले, "याहून कमी काय लिहू?"

मग दोघांनी चहा घेतला. काकू म्हणाली, "ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि न जेवता झोपले."

१८ जून

नानांचा १ आणि ९ सारखा दिसतो. घाईत असले की ९चं शेपूट आखूड. इलाज सापडला: "एकूण" रकाना. आदल्या दिवसाची एकूण आणि आजची एकूण यांतला फरक काढला की आकडा आपोआप कळतो. म्हणजे प्रत्येक आकडा वहीत दोनदा लिहिलेला आहे. एक्सेलमध्ये पडताळणीचा रकाना टाकला, न जुळणारी ओळ लाल होते. आतापर्यंत लाल झालेल्या ओळींत नानांची बेरीज बरोबरच निघाली आहे.

२३ जून

माउलींची पालखी आज सासवडला मुक्कामी. आळंदीहून निघाल्यावर पुण्यात दोन रात्री, मग दिवे घाट चढून सासवडला दोन. म्हणून आज मुद्दाम सगळ्या वह्यांतले पालखीचे दिवस काढून एकत्र लावले.

तहसील कचेरीला हे दिवस म्हणजे लगीनघाई. पाण्याचे टँकर, दवाखाना, राहुट्यांच्या जागा, साहेबांचे दौरे. नाना एरवी रेकॉर्डला असत, रुमालांत बांधलेली जुनी कागदपत्रं काढून नकला देणं हे त्यांचं मुख्य काम. पालखीत मात्र रेकॉर्डला कुलूप आणि सगळे बाहेर. तरी साडेआठची ओळ एकाही वर्षी चुकलेली नाही. शेरे:

"माउली आल्या. घाटात सर."
"माउली. निरंक. ऊन फार."
"कुंपणावर धोतरे. काढून दोरी बांधून दिली."

शेवटचा १९७७चा. वारकऱ्यांनी ओली धोतरं यंत्राच्या कुंपणावर वाळत घातली होती. वाऱ्याने फडकणाऱ्या धोतराचं पाणी नसराळ्यात उडणार, शिवाय कापडाच्या आडोशाने पाऊस अडणार. दुसरा कुणी असता तर शिपायाकरवी सगळी खाली टाकली असती. नानांनी एकेक धोतर उचलून घडी घातली, कचेरीच्या व्हरांड्यात खांबाला दोरी बांधली आणि तिथे नीट वाळत घातली. ताईला हे आठवतं, कारण दोरी आणायला तिलाच घरी पिटाळलं होतं. मग १९७८पासून पुढे दरवर्षी पालखीच्या आदल्या दिवशी एकच शेरा: "दोरी बांधली."

हे टाइप करताना लेकीला म्हटलं, पुढच्या वर्षी घाटापर्यंत चालत जाऊ. ती म्हणाली, आधी ही वही संपव.

५ जुलै

भोरची वर्षं. मधे नानांची भोरला बदली झाली होती. त्या वह्या हाताला वेगळ्या लागतात, पानं फुगलेली, शाई पसरलेली. सासवड आणि भोर नकाशावर फार लांब नाहीत, पण भोरच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात आणि पावसाळ्यात आभाळ तिथून हलत नाही. तिथल्या जुलैत निरंक शोधावा लागतो. शेरे जवळजवळ नाहीतच, एवढा पाऊस असताना काय लिहिणार. एक आहे: "छत्री मोडली." एक आहे: "घरची आठवण."

नायब तहसीलदार होण्याची संधी आली होती आणि नानांनी ती लेखी नाकारली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाबा त्यावरून चिडायचे. "नाना सासवडला रुतला," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. माझं मत वेगळं आहे. रुतलेला माणूस कुरकुरतो. या वह्यांत कुरकुर शोधली तर ती फक्त भोरमध्ये सापडते, तीही दोन शब्दांची.

फाइलमध्ये ठिकाणाचा रकाना वाढवला. दोन गावांचे आकडे एकत्र करून सरासरी काढणं म्हणजे शुद्ध गाढवपणा.

२० जुलै

ताईचं लग्न. मे १९९१.

आमच्या घराण्यात या लग्नाची गोष्ट ठरलेली आहे. अक्षता पडल्या, पंगत बसली आणि वळवाने झोडपलं. मांडव कोसळला, जिलब्या भिजल्या, व्याही टेबलाखाली. मी स्वतः पत्रावळ डोक्यावर धरून पळालो होतो. त्या तारखेची ओळ उघडली तर समोर "निरंक".

लेक विजयी मुद्रेने म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळे फेकताय!"

नाही. साडेआठला मोजलेला पाऊस म्हणजे काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा, आणि तो मोजल्याच्या तारखेला लिहायचा. लग्नाच्या दिवशी सकाळी मोजला तो आदल्या दिवसाचा. दुपारचा वळीव पुढच्या ओळीत. २६ जुलै २००५ला मुंबईत जे झालं त्याचंही असंच. सांताक्रूझचे ते ९४४ मि.मी. २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे. मग पुढची ओळ पाहिली. आकडा दोन अंकी, आणि शेरा: "वळीव. रुखवत आत घेतले."

म्हणजे मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी साडेआठला नाना कचेरीमागे होते. आणि मुलगी सासरी गेल्याच्या दुसऱ्या सकाळीसुद्धा. ताईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई तेव्हा ओरडली होती त्यांना. हळदीच्या घरात घड्याळ काय बघताय म्हणून." मग थोडं थांबून, "रुखवतातलं भातुकलीचं सगळं त्यांनीच एकेक करून आत नेलं होतं. मला वाटायचं मामांनी नेलं."

२ ऑगस्ट

१९७९ची वही भरताना तेरा ओळी अडल्या. जुलैमधल्या. एरवी रोजची शाई थोडीफार बदलते, दाब बदलतो. या तेरा ओळी एका बैठकीत, एका शाईने लिहिलेल्या. प्रत्येकीसमोर शेरा एकच: "बाटलीवरून."

ती तारीख आमच्या आजीची. आजी पुण्यात आमच्याकडे असायची, इथेच गेली. नाना मोठे, सगळे विधी त्यांनाच करायचे होते, ते तेरावा होईपर्यंत पुण्यात होते. मग या ओळी कुठून आल्या?

पुन्हा काकू. फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून सासवडला जाऊन बसलो. तिने शांतपणे सगळं सांगितलं. कचेरीत रात्रीचे चौकीदार होते, लिहिता-वाचता न येणारे. नानांना रोज उकिडवं बसलेलं बघून त्यांना एवढं कळलं होतं की ते पाणी महत्त्वाचं आहे आणि साडेआठला काढायचं आहे. ग्लासावरच्या खुणा वाचता येत नव्हत्या. मग त्यांनी सरकारी दवाखान्यातून मिक्श्चरच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. रोज सकाळी यंत्रातलं पाणी एका बाटलीत ओतायचं, बूच घट्ट लावायचं आणि शिपायाकडून तारखेची चिठ्ठी लिहून घेऊन मानेला दोऱ्याने बांधायची. नाना परत आले तेव्हा रेकॉर्डच्या खिडकीत तेरा बाटल्या ओळीने उभ्या होत्या.

त्यांतल्या चार रिकाम्या होत्या. कोरड्या दिवसांच्या. त्यांनाही बूच, त्यांनाही चिठ्ठी.

नानांनी तेराही बाटल्या मोजल्या. रिकाम्यासुद्धा ग्लासात ओतून पाहिल्या, असं काकू म्हणाली. त्याच संध्याकाळी चौकीदारांना घरी जेवायला बोलावलं. सुतकातून नुकते बाहेर आलेले, पण काकूला पुरणाचा स्वयंपाक करायला लावला. चौकीदार ओट्यावर बसतो म्हणाले, नानांनी आत आपल्या शेजारी पाट मांडला. त्यानंतर नाना रजेवर गेले की ग्लास वाचायचं काम चौकीदारांकडे. नानांनी त्यांना आकडे शिकवले. १९८०नंतरच्या वह्यांत मधूनमधून एक दुसरं अक्षर दिसतं, मोठं, थरथरतं, ८ दोन गोळे एकावर एक ठेवून काढलेला. मला वाटलं होतं, ताईच्या लहानपणीचं अक्षर असेल.

फाइलमध्ये "वाचन कोणाचे" असा रकाना वाढवला.

१७ ऑगस्ट

आज मघा लागल्या. नक्षत्राच्या रकान्याचं काय करायचं हा प्रश्न होता. विज्ञानात बसत नाही म्हणून गाळावा, असं ताईच्या मुलाचं म्हणणं. गाळणार नाही. शेतकरी नानांना "किती मिलिमीटर" असं कधीच विचारत नसे. तो विचारायचा "किती इंच", नाहीतर "पुष्य कसा गेला?" नाना पंचविसाने भागून इंच सांगायचे आणि नक्षत्राची बेरीजही तयार ठेवायचे. पंचांगात नक्षत्राचं वाहन दिलेलं असतं, बेडूक, म्हैस, मोर, गाढव वगैरे, आणि त्यावरून पावसाचा अंदाज बांधतात. वहीत वाहनही आहे, नक्षत्राच्या नावाखाली बारीक अक्षरात. नानांचा त्यावर विश्वास होता का? कुठेही तसं लिहिलेलं नाही, आणि नव्हता असंही नाही. बेडूक वाहन आणि निरंक, दोन्ही शेजारी शेजारी उतरवून ठेवलंय. ज्याला पडताळा घ्यायचा त्याने घ्यावा. लेकीने घेतला. तिचं निरीक्षण असं की म्हैस बेडकाहून भरवशाची आहे. तेही बत्तीस वर्षांच्या एकाच कारकुनाच्या वह्यांवरून, तेव्हा कुणी मनावर घेऊ नये.

मघांची म्हण काकूकडून उतरवून घेतली: पडल्या मघा, नाहीतर वरती बघा.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी. आज सकाळीही ढोलांचा आवाज येतोय.

नाना दरवर्षी गणपतीला आमच्याकडे यायचे. विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर जायचं, मानाचे गणपती पाहायचे, रात्री रोषणाईच्या गाड्या. आम्ही पोरं रात्रभर जागायचो. नाना पहाटे उठून स्वारगेटला, पहिल्या एसटीने सासवड. पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते, ती संपलेली त्यांनी कधीच पाहिली नाही. बाबा म्हणायचे, "एक दिवस नाही मोजलंस तर पाऊस पडायचा थांबणार आहे का?" नाना हसायचे आणि पिशवी उचलायचे.

आज सगळ्या वर्षांचा अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस तपासला. अक्षर नानांचंच, अपवाद एक, आणि त्या वर्षी त्यांना कावीळ झाली होती.

त्यांच्या पिशवीत आमच्या आईने दिलेले मोदक असायचे. १९८६चा शेरा: "मोदक चौकीदारांस."

१४ सप्टेंबर

भरणं संपलं. फक्त १९८३ उरलं. काकूच्या मते त्या वर्षी घराची कौलं उतरवली होती, तेव्हा सामानाबरोबर कुठेतरी गेलं. ताईच्या मुलाने तोडगा सुचवला: आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरासरी टाकून भरून काढू, सगळे असंच करतात. संशोधनात करत असतील. या फाइलमध्ये १९८३च्या ३६५ ओळी रिकाम्या राहतील, तारखेसकट.

आता तालुक्यातल्या प्रत्येक महसूल मंडळात स्वयंचलित केंद्र आहे. राज्यात महावेध या हवामान प्रकल्पाची अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि आकडा थेट सर्व्हरवर जातो. तो काळ नानांनी निवृत्तीनंतर पाहिला होता. त्याबद्दल त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "नसराळं कोण साफ करतं?"

वह्या कुठे ठेवायच्या यावर ताईचं ठाम मत आहे की त्या सासवडलाच राहतील. राहू देत. फोटो आणि फाइल दोन ठिकाणी ठेवल्या, एक प्रत ताईच्या मुलाकडे. त्याने परवा स्वतःहून १९८८च्या रेघांची यादी काढून पाठवली, म्हणजे लागण झालीय.

काकूला मी आकडे आणि आलेख छापून देणार होतो. तिने पानं चाळली आणि परत केली. म्हणाली, आकडे नकोत, ते त्यांनी मला रोज सकाळी पोह्यांच्या वेळी सांगितलेत. फक्त शेरे मोठ्या अक्षरात काढून दे, चष्म्याचा नंबर वाढलाय. म्हणून शेऱ्यांची वेगळी फाइल केली, अठराच्या टायपात. टिळक रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे उद्या टाकतोय. स्पायरल नको, शिवून बांधून हवी असं तिचं म्हणणं आहे, आणि वर लाल कापड.